एकदाच विचारणारी माणसं

मला गाता येतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर फुशारकी वाटेल, आणि सांगितलंच नाही तर पुढचं काही कळणार नाही. पुण्यात नऊ वर्षं मी एका बाईंकडे गाणं शिकले, विशारद झाले आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सलग तीन वर्षं पहिलं बक्षीस घेतलं. बर्मिंगहॅमला मास्टर्ससाठी निघाले तेव्हा बॅगेत इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. त्याच्या वजनापायी आईला लाडवांचा डबा बाहेर काढावा लागला, आणि ती दोन दिवस धुसफुसत होती.

माझ्याबरोबर त्याच कोर्सला माझी कॉलेजातली एक मैत्रीण आली होती. मूळची अमळनेरची, पुण्यात हॉस्टेलवर राहिलेली. गॅदरिंगला मी पुढे माइकसमोर असायचे आणि ती मागे कोरसमध्ये कुठेतरी असायची. युनिव्हर्सिटीजवळ सेली ओकमध्ये आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली. दोन पलंग, एक खिडकी आणि खाली किचनमधल्या फ्रीजचा एक कप्पा, एवढा आमचा संसार. भात ती लावायची, आमटी मी करायची. रविवारी फोन-कार्डावरचा नंबर नाण्याने खरवडून आळीपाळीने घरी बोलायचो. तिचं माझं अजिबात वाकडं नव्हतं.

वाकडं आलं ते एका आयरिश पबमध्ये.

तिथे आम्हाला नेलं आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका नागपूरकराने. तो आमच्या आधी एक वर्ष आला होता, त्यामुळे जन्मच इथला असल्यासारखा वागायचा. "गुरुवारी डिग्बेथला चला. आयरिश पब आहे, लाइव्ह म्युझिक असते. क्लबसारखं ढिंच्याक नाही, एकदम घरगुती. तू तर गाते ना, तुला आवडेल पाहा," तो मला म्हणाला. 'तू तर गाते ना' हे त्याने मैत्रिणीसमोर म्हटलं, ते मला फार बरं वाटलं. मी चांगला कुर्ता इस्त्री केला.

तेव्हा पबमध्ये सिगारेट ओढायला बंदी आलेली नव्हती. आत शिरल्यावर आधी धूर दिसला, मग माणसं. कोपऱ्यातल्या गोल टेबलाभोवती सात-आठ वादक एकमेकांकडे तोंड करून बसले होते आणि आमच्याकडे त्यांची पाठ होती. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, बासरी, अकॉर्डियन आणि काठीने वाजवायचा एक मोठा डफ. स्टेज नाही, माइक नाही, कोण काय वाजवणार हे सांगणारा निवेदक नाही. ही कसली मैफल, असं मी मनात म्हटलं. पण अर्ध्या तासात माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. मी अर्धा ग्लास सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, घेतली होती, मैत्रिणीने ऑरेंज ज्यूस आणि लेमोनेड. त्या संध्याकाळी आम्ही खूप हसलो, हे मला अजून आठवतं.

त्या पबची एक रीत होती. मधूनच वाजवणं थांबायचं आणि कुणीतरी एकट्याने गायचं, साथीशिवाय. सगळा पब गप्प व्हायचा, बारवरचे ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवले जायचे. आणि ज्याने गायलं त्यालाच पुढच्या गाणाऱ्याचं नाव घ्यायचा मान. त्याने ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याने पुढे गायचं.

फिडल वाजवणारे आजोबा त्या टेबलाचे मुख्य होते. अठराव्या वर्षी आयर्लंडहून रस्ते बांधायला इंग्लंडला आलेले, हाताचे पंजे फावड्याएवढे, आणि त्या पंजांतून इतकं नाजूक फिडल वाजायचं की मी थक्क झाले. त्यांनी डोळे मिटून एक लांबलचक गाणं म्हटलं. मग डोळे उघडून थेट माझ्याकडे बोट केलं. नागपूरकराने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. "इंडियाहून आलेली ही मुलगी गाते म्हणे. गाशील का एक?" असं त्यांनी विचारलं. सगळा पब माझ्याकडे वळला. कोणता राग हेही माझ्या मनात ठरलं, आणि मी म्हणाले, "नो, नो, नॉट टुडे. माय थ्रोट इज नॉट गुड."

माझा घसा ठणठणीत होता. पण चांगल्या घरातली गाणारी मुलगी लगेच गात नसते, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आमच्याकडे आधी घसा बसलेला असतो. मग कुणी काकू म्हणतात, अगं म्हण गं दोन ओळी. मग तयारी नाही असं सांगायचं. मग कुणीतरी पेटी पुढे सरकवतं, कुणी लवंग आणून देतं, आणि चौथ्या-पाचव्या आग्रहाला आपण पदर किंवा ओढणी सावरून, आता तुमचा शब्द मोडवत नाही म्हणून, असं दाखवत सुरू करायचं. त्यातला एक आग्रह जरी कमी पडला तरी गाणाऱ्याचा अपमान होतो.

आजोबा म्हणाले, "आह, ग्रँड, नो बॉदर. माइंड दॅट थ्रोट." घशाची काळजी घे म्हणाले, आणि संपलं. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी खरी काळजी होती. त्यांनी नजर शेजारी वळवली आणि मैत्रिणीला विचारलं, "आणि तू?"

ती उठून उभी राहिली. नको नाही, घसा नाही, काही नाही. ग्लास खाली ठेवला आणि गायला लागली.

तिने हळदीचं गाणं म्हटलं, अहिराणीतलं. तिकडे लग्नघरात बायका नवरीला हळद लावताना म्हणतात तसलं. तीन-चार सुरांत फिरणारं, दर कडव्यात फक्त नातेवाईक बदलायचा, मामा, मग मावशी, मग आत्या, आणि शेवटची ओळ तीच. तिसऱ्या कडव्याला डफवाल्याने बोटांनी हलका ठेका धरला. पाचव्या कडव्यापर्यंत सगळा पब ती शेवटची ओळ म्हणायला लागला होता. मी हसऱ्या चेहऱ्याने टाळ्या वाजवत होते आणि मनात तिचे सूर मोजत होते. दोन ठिकाणी ती उतरली होती.

परत जाताना बसमध्ये मी विचारलं, "तू गातेस हे कधी बोलली नाहीस."

"कोरसमध्ये होते की," ती म्हणाली.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही जायला लागलो, आणि दर गुरुवारी तिला गायला लावलं जायचं. बारमागच्या बाई तिला 'आवर गर्ल' म्हणायला लागल्या. ती दारातून आत शिरली की तिचा ऑरेंज ज्यूस आणि लेमोनेड न मागता समोर यायचा. मला त्या दर गुरुवारी विचारायच्या, "वॉट वॉज इट अगेन, लव्ह?" मी दर वेळी सांगायचे, हाफ सायडर. आठ-दहा आठवडे मी हेच सांगत होते.

मला असूया वाटत होती. त्याला दुसरं सोज्वळ नाव देण्यात अर्थ नाही. मी जळत होते, सकाळी दात घासताना जळत होते, लायब्ररीत स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक उघडून जळत होते. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात तसं तिचं सगळंच मला खुपायला लागलं. तिचं भात जास्त शिजवणं, तिचं फोनवर मोठ्याने बोलणं, अंघोळ करताना गुणगुणणं. आधी ती गुणगुणत नसे. मी खोलीत तानपुरा लावून मुद्दाम तासभर रियाज करायचे, अवघड ताना घ्यायचे. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकत राहायची. एकदा मी अगदी मायेने सांगितलं, "तुझा मध्यम जरा चढा लागतो गं." त्यावर ती घडी टाकून माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "हो का? दाखव ना नीट." मग तिला अर्धा तास मध्यम शिकवावा लागला. पुढच्या गुरुवारी तिचा मध्यम अगदी बरोबर लागला आणि माझा तिळपापड झाला.

मग मी आपणहून का गायले नाही? हे मला नागपूरकरानेही विचारलं होतं. पण मीच कसं म्हणणार की आता माझं गाणं ऐका? न बोलावता पंगतीला जाऊन बसल्यासारखं झालं असतं ते. मला फक्त एकदा पुन्हा विचारलं जायला हवं होतं. मी या वेळी नको म्हणणार नव्हते. फार तर एकदाच म्हणाले असते.

आणि विचारणं तिच्या हातात होतं, खरी मेख ही होती. गाणं संपलं की पुढचं नाव ती घ्यायची. तिने बासरीवाल्या बाईंचं नाव घेतलं, बारमागच्या बाईंचं घेतलं, रोज येणाऱ्या एका पोस्टमनचं घेतलं. एकदा तर तिने नागपूरकराला उभं केलं, आणि त्याने शाळेतली प्रार्थना इतकी बेसूर म्हटली की लोकांनी टेबलं बडवली. त्यालासुद्धा. तिच्याशेजारी खुर्चीला खुर्ची लावून मी बसलेली असायचे, आणि तिचं बोट माझ्यावरून पुढे जायचं.

वसंतात एका गुरुवारी मी एक नीचपणा केला. दुपारी नागपूरकराचा मेसेज आला की आज पबमध्ये फुटबॉलची मॅच दाखवणार आहेत, त्यामुळे गाणं लवकर, पाच वाजता आहे, तिलाही सांग. मी तिला सांगितलं नाही. लायब्ररीत जाते म्हणून निघाले आणि एकटीच डिग्बेथला गेले. वादकांच्या टेबलाजवळची खुर्ची पकडली. बसमध्ये घसा तयार केला होता, ओठ न हलवता. बारमागच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "आवर गर्ल बरी आहे ना? आजारी नाही ना?" बासरीवाल्या बाईंनी तेच विचारलं. पोस्टमनने तेच विचारलं. पाच जणांनी गायलं, पाच वेळा बोट कुणाकुणाकडे गेलं. माझ्याकडे बघून प्रत्येक जण गोड हसत होता. ही ऐकायला येणारी मुलगी, हे त्यांचं माझ्याबद्दल केव्हाच ठरलं होतं.

निघताना आजोबांनी खिशातून ग्लासाखाली ठेवायचा पुठ्ठा काढला. त्याच्या मागे त्यांनी हळदीच्या गाण्याचे शब्द, त्यांना ऐकू आले तसे, आपल्या अक्षरांत लिहून काढले होते. बरोबर आहेत का हे तिला विचार, असं ते म्हणाले. मला रडू येत होतं. मी तो पुठ्ठा घेतला आणि घरी आल्यावर तिला दिलाही, 'लायब्ररीतून येता येता पबमध्ये सहज डोकावले' असं काहीतरी सांगून. तिने तो हातात घेतला आणि वाचून हसली.

उन्हाळ्यात आम्ही प्रबंध लिहीत होतो. सप्टेंबरात तिला लंडनजवळच्या रीडिंग गावात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. मी अजून अर्जच पाठवत होते, पण खरं सांगते, त्या नोकरीचं मला एवढं वाटलं नाही. तिच्या शेवटच्या गुरुवारचं वाटलं. त्या दिवशी तिने सुरुवात केली आणि पहिल्या ओळीपासून सगळा पब गायला. आजोबा पुठ्ठ्याशिवाय म्हणत होते. मामा, मावशी, आत्या सगळं ओळीने. गाणं संपल्यावर तिने वळून माझ्याकडे पाहिलं. चांगलं बराच वेळ पाहिलं. मी पाठ ताठ केली. मग तिचं बोट उठलं आणि आजोबांकडे गेलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. बाहेर दिवे लागले होते. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, आणि दुसऱ्या स्टॉपला बोललेच.

"तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"आज?"

"कधीच. पूर्ण वर्षात एकदाही नाही. मला गायचं होतं हे तुला माहीत होतं."

"हो," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. नाहीवर माझं उत्तर तयार होतं.

"अख्ख्या हॉस्टेलला माहीत होतं," ती पुढे म्हणाली. "तू चारदा नको म्हणतेस आणि पाचव्यांदा गातेस. मला नसेल का माहीत?"

"मग?"

 ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू गायली असतीस तर मला परत कोणी विचारलं असतं का? तीन वर्षं तुझ्या मागे उभी होते मी. डावीकडून दुसरी. तुला सांगताही नाही येणार ना, डावीकडून दुसरी कोण होती? तू खोलीत रियाज करायचीस ना, त्या दिवशी मला तोंड उघडायची लाज वाटायची. इथे एक जागा मिळाली होती, जिथे मी गाणारी आणि तू ऐकणारी. ती मी नाही सोडली. प्रत्येक गुरुवारी ठरवायचे, आज हिचं नाव घेऊ. आणि नाही घ्यायचे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला बरं वाटलं. वर्षभर मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती, हे ऐकून पोटात गार पडलं. इतकं गार, की मला माझीच शरम वाटली, आणि त्या शरमेपोटी मी मॅचच्या दिवसाचा मेसेज लपवल्याचं सांगून टाकलं.

"मला माहीतेय," ती म्हणाली. "त्याने नंतर मला पण केला होता मेसेज. तू सांगितलं नाहीस, तेव्हाच समजलं. मी मुद्दाम नाही आले. म्हटलं, मी नसले की ती गाईल. तेवढं तरी करावं." मग ती माझ्याकडे वळली. "मग गायली का नाहीस त्या दिवशी?"

"कुणी विचारलंच नाही."

"अगं, पण ते एकदाच विचारतात," ती म्हणाली.

सेली ओक आलं. आम्ही उतरलो. खोलीत जाऊन तिच्या बॅगा भरल्या. तिला माझी निळी शाल आवडायची, ती मी तिला दिली. तिने आधी नको म्हटलं नाही. रविवारी सकाळी मी तिला स्टेशनवर सोडायला गेले आणि ट्रेन हलल्यावर दोघीही थोड्या रडलो.

त्या आठवड्याच्या गुरुवारी मी एकटी डिग्बेथला गेले. दुपारपासून थंड काही प्यायले नव्हते. बासरीवाल्या बाईंचं गाणं झालं, त्यांनी नजर फिरवायला सुरुवात केली, आणि मी हात वर केला. कुणाला नवल वाटलं नाही. आजोबांनी खुर्ची थोडी मागे घेऊन मला जागा करून दिली. पब गप्प झाला.

मी एक छोटी बंदिश गायले, तानपुऱ्याशिवाय. आवाज सुरुवातीलाच मोकळा लागला. त्या बंदिशीच्या अंतऱ्यात एक जागा आहे, वरून खाली येताना दोन सुरांच्या मधून निसटून यायचं असतं. माझ्या बाईंनी ती मला वर्षभर घोटून घेतली होती आणि दहांतून आठदा माझी ती चुकायची. त्या दिवशी ती आली. इतकी स्वच्छ आली की गाता गाताच मी दाद कुठून येते ते बघायला मान वळवली.

सगळे प्रेमाने ऐकत होते. पोस्टमनने डोळे मिटले होते. पण त्या जागेला कुणाचीही मान हलली नाही. ती चुकली असती तरी त्यांनी इतक्याच प्रेमाने ऐकलं असतं. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या, आजोबा "लव्हली, लव्हली" म्हणाले, बारमागच्या बाईंनी माझी सायडर न विचारता आणून ठेवली. वर्षभर ज्यासाठी तडफडले ते सगळं मला दहा मिनिटांत मिळालं. आणि ती जागा कशी आली हे कळणारं, कळून दोन दिवस जळणारं एकच माणूस त्या देशात होतं. ते या वेळी रीडिंगला नव्या खोलीत भात लावत असणार.

आता नाव घ्यायचा मान माझा होता. सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. मी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कुणाचंच नाव घ्यावंसं वाटेना. आजोबांनी जरा वाट पाहिली, मग फिडल उचललं आणि वाजवायला सुरुवात केली.